लेकीची वजनाची सर्जरी ठरते आहे, मनाची तयारी कशी करून घ्यावी?

ओंजळ | सोमवार, रात्री ११.४०

लेक १६ वर्षांची आहे. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ४३. गेली सहा वर्षं आहार, व्यायाम, औषधं सगळं मनापासून करून झालं. दर वेळी थोडं वजन उतरतं आणि व्याजासकट परत येतं. मागच्या वर्षी टाइप २ डायबेटीस निघाला. झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री मशीन लावून झोपावं लागतं. आता डॉक्टरांनी स्लीव्ह सर्जरी सुचवली आहे.

शरीराचं काय होणार ते मला बऱ्यापैकी समजलंय. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग दुर्बिणीतून काढतात आणि एक अरुंद नळी उरते. भूक लावणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, तिने प्रश्न विचारले, सगळं नीट झालं.

मला कळत नाहीये ते तिच्या मनाचं. कपाटाच्या आरशावर तिने जुनी चादर टाकून ठेवली आहे, वर्ष तरी झालं असेल. परवा रात्री पाणी ठेवायला तिच्या खोलीत गेले तर चादर खाली होती आणि ही अंधारात आरशासमोर उभी. मला म्हणाली, "आई, ऑपरेशननंतर मी मीच असेन ना?" मी "हो गं, वेडी" म्हटलं आणि बाहेर आले. तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. तिने काहीतरी विचारलं होतं आणि मी ते ऐकून घेतलंच नाही.

दोन वर्षांपूर्वी तिला डिप्रेशनचं निदान झालंय, रोजची गोळी चालू आहे. शाळेत काय काय ऐकून घेते ते मला तुकड्यातुकड्यांत कळतं. आवडतं पोहणं सोडलं. नातेवाईकांतले निम्मे म्हणतात, "बारीक झाली की आपोआप खूश होईल." उरलेले म्हणतात, "एवढ्या कोवळ्या वयात पोट कशाला कापायचं?" मला दोन्ही पटत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया लिहा. डाएटचे सल्ले मात्र नकोत.

अबोली१२ | मंगळवार, सकाळी ७.०५

वाचते आहे. अनुभव नाही, त्यामुळे सल्ला देत नाही. पण तिने तो प्रश्न तुम्हालाच विचारला, हे लक्षात ठेवा.

सलगी | मंगळवार, दुपारी १.३०

ओंजळताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बेरिअॅट्रिक, म्हणजे वजनाच्या सर्जरीच्या, टीमबरोबर किशोरवयीन मुलांचं काम करते. तुमच्या लेकीला मी भेटलेली नाही, म्हणून तिच्याबद्दल काही म्हणणार नाही. एकूण मुलांबद्दल जे माहीत आहे ते लिहिते.

"आपोआप खूश होईल" हे अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यावर विसंबल्यामुळेच घरं गाफील राहतात. पहिल्या वर्षात बहुतेक मुलं खरोखर खुलतात. जिना चढताना धाप लागत नाही, झोप लागते, मापाचे कपडे मिळतात. स्वतःबद्दल बरं वाटायला लागतं. पण ते बरं वाटणं पुढेही त्याच वेगाने वाढत राहत नाही. स्वीडनमधल्या अॅमॉस या अभ्यासात १३ ते १८ वयाच्या ८१ मुलांची पोटाची बायपास सर्जरी (जठर लहान करून थेट पुढच्या आतड्याला जोडतात ती) झाली आणि पाच वर्षांनी त्यांच्या मनाचाही हिशेब मांडला गेला. वजन बरंच उतरलेलं होतं, आत्मसन्मान वाढला होता, खाण्यावरचा ताबा सुधारला होता. मात्र मानसिक आजाराची औषधं आणि तज्ज्ञांचे उपचार कमी झाले नव्हते, वाढले होते. ऑपरेशन न झालेल्या तशाच मुलांमध्येही ते वाढले, पण तज्ज्ञांकडचे उपचार ऑपरेशन झालेल्यांत जास्त होते. ऑपरेशनने आजार दिला असा अर्थ मी यातून काढत नाही. ही मुलं सतत डॉक्टरांच्या नजरेसमोर असतात, त्यामुळे त्यांचा त्रास लवकर दिसतो, हेही एक कारण असू शकतं. पण वजन गेलं म्हणून डिप्रेशन गेलं, असं होत नाही एवढं नक्की.

माझ्यासमोर बसलेल्या मुलांकडून मी जे ऐकते ते असं. इतकी वर्षं प्रत्येक गोष्टीचं खापर वजनावर फुटत आलेलं असतं. मैत्रिणी नाहीत, वजनामुळे. बाबा चिडतात, वजनामुळे. स्टेजवर जात नाही, वजनामुळे. वजन उतरतं आणि यातलं काही तसंच उरतं. मग ते मूल पहिल्यांदा विचारतं, "म्हणजे दोष माझ्यातच होता का?" त्या क्षणी जवळ कोणीतरी असायला हवं. आणि पूर्वी वाईट वाटलं की खाऊन जे शांत व्हायचं, ती वाट आता बंद झालेली असते.

तिसरी_घंटा | मंगळवार, रात्री ९.१५

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. काढलेलं जठर परत लावता येत नाही. १६ व्या वर्षी आपण मुलांना मतदानही करू देत नाही आणि हा जन्माचा निर्णय घ्यायला लावतोय? आता वजनाची इंजेक्शनं आली आहेत. १८ पर्यंत थांबायला काय हरकत आहे? डिप्रेशन असलेल्या मुलीला तर आधी मनाने सावरू द्यावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

सलगी | बुधवार, सकाळी ८.२०

तिसरी_घंटा, राग कशाला? हा प्रश्न आमच्या टीमच्या बैठकीतही प्रत्येक मुलाच्या वेळी निघतो.

इंजेक्शनांचा पर्याय खरा आहे. सेमाग्लुटाइड या इंजेक्शनाची १२ ते १७ वयाच्या २०१ मुलांवरची चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, त्यात बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. काही मुलांना तेवढं पुरतं. हा पर्याय तुमच्यासमोर ठेवला गेला नसेल, ओंजळताई, तर जरूर विचारा.

पण थांबणं म्हणजे काहीच न करणं आणि त्यात धोका नाही, असं नसतं. कमी वयात झालेला टाइप २ डायबेटीस मोठ्यांच्या डायबेटीसपेक्षा जास्त वेगाने नुकसान करतो. अमेरिकेतल्या टुडे या अभ्यासात अशी मुलं सरासरी २६ वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातल्या ६० टक्के जणांना मूत्रपिंड, डोळे किंवा नसांचा निदान एक तरी विकार झालेला होता. टीन-लॅब्स या दुसऱ्या अमेरिकन अभ्यासात बायपासनंतर पाच वर्षांनी किशोरवयात ऑपरेशन झालेल्यांपैकी ८६ टक्क्यांचा डायबेटीस आटोक्यात येऊन औषधांची गरज राहिली नव्हती. मोठेपणी ऑपरेशन झालेल्यांत हेच प्रमाण ५३ टक्के होतं. म्हणूनच अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत १३ वर्षांपासून पुढे, तीव्र लठ्ठपणा असेल तर, सर्जरीसाठी तपासणीला पाठवावं असं म्हटलं आहे. ब्रिटनमध्ये धोरण जास्त सावध आहे, तिथे अपवादात्मक परिस्थितीतच आणि शरीराची वाढ जवळजवळ पूर्ण झाल्यावर विचार करतात. जाणकारांत मतभेद आहेत आणि ते असणं रास्त आहे.

"आधी मन सावरू द्या" याबद्दल मात्र मी वेगळं म्हणेन. मन सावरण्याची अट घातली तर कित्येक मुलं दाराबाहेरच राहतील. उपचार चालू असलेलं डिप्रेशन आडवं येत नाही. उपचार न होणारं डिप्रेशन येतं.

कवडसा | बुधवार, रात्री १०.५०

इथे लिहू की नको, दोन दिवस घुटमळत होतो.

माझ्या मुलाची स्लीव्ह १७ व्या वर्षी झाली, आता २० चा आहे. ऑपरेशन उत्तम झालं, सर्जनबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. पहिलं वर्ष हॉस्पिटलातून फोन यायचे, "वजन किती?" सांगितलं की "छान" म्हणायचे. मन कसं आहे हे एकदाही कोणी विचारलं नाही. ऑपरेशनआधी काउन्सेलरची एक भेट झाली होती, तीही अर्ध्या तासाची. नंतरची भेट आम्ही मागायची असते हे आम्हाला माहीत नव्हतं. वर्षानंतर फोनही थांबले.

आणि खरा उतार दुसऱ्या वर्षात लागला. वजन एका जागी थबकलं. दंडाची, पोटाची कातडी लोंबायला लागली. उन्हाळ्यातही पोरगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. कॉलेजात नवे मित्र मिळाले, पण त्यांच्यावरही तो चिडायचा. एकदा जेवताना ताटावरून उठला आणि म्हणाला, "बाबा, दोन वर्षांपूर्वी यांतल्या एकाने तरी मला शेजारी बसवलं असतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर त्याच्या टेबलाच्या खणात शाळेचं जुनं ओळखपत्र सापडलं. फोटोवर बॉलपेन इतकं गिरवलं होतं की कार्ड फाटलं होतं. ज्या मुलाला मी वाढवला, त्याचा त्याला एवढा तिरस्कार वाटत होता.

माझी स्वतःची चूकही लिहितो. मी दर सोमवारी सकाळी वजनकाट्याशेजारी उभा राहायचो. काटा खाली गेला की पाठ थोपटायचो. हे प्रेमच होतं. पण काटा तीन आठवडे हलला नाही तेव्हा तो लवकर उठून एकटाच वजन करायला लागला, आणि मला सांगेनासा झाला. पुढे काय काय सांगेनासा झाला ते मोजलं तर फार होईल. दारूचंही मला उशिरा कळलं. ऑपरेशननंतर दारू फार झपाट्याने चढते आणि काही जणांना तिची सवय लागण्याचा धोका वाढतो, हे आधी कोणी बजावलं असतं तर मी डोळे उघडे ठेवले असते. आता तो मानसोपचारतज्ज्ञांकडे जातो, दीड वर्ष झालं. हसतो, भांडतो, बोलतो.

ओंजळताई, ऑपरेशन करू नका असं मी म्हणत नाही. माझा मुलगा आज पळतो. पण दुसऱ्या वर्षाच्या काउन्सेलरच्या तारखा आत्ताच, ऑपरेशनआधी, लिहून घ्या.

अबोली१२ | बुधवार, रात्री ११.१०

कवडसा, लिहिलंत हे फार बरं केलंत.

पाऊलवाट | गुरुवार, पहाटे १२.४५

मी २२ ची आहे. बायपास झाली तेव्हा १७ ची होते. कवडसाकाका, तुमच्या मुलाने जे ओळखपत्राचं केलं ते मी माझ्या सगळ्या फोटोंचं केलं होतं. आता वाईट वाटतं.

ओंजळकाकू, "मी मीच असेन ना" याचं माझ्याकडे एका वाक्यात उत्तर नाही, पण काय काय होतं ते सांगते.

लोक कौतुक करतात, आणि तेच टोचतं. "किती सुंदर दिसायला लागलीस!" म्हणजे आधी? ज्या मावशीने आयुष्यभर मला कोपऱ्यात बसवलं तिने मला मिठी मारली तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंदाने नाही. जिला कोणी मिठी मारली नाही, त्या मुलीसाठी.

डोक्यातलं शरीर फार हळू बारीक होतं. ५० किलो उतरल्यावरही मी दोन खुर्च्यांमधून आडवी होऊन जायचे. बसताना अजूनही खुर्चीचे हात आधी बघते. आरशात एक मुलगी दिसायची आणि मनात दुसरी असायची. हे अनेकांना होतं, मी वेडी नाही, हे मला एका सपोर्ट ग्रुपमध्ये कळलं तोवर वर्ष गेलं होतं. तुमच्या लेकीला आधीच सांगा.

चौथ्या महिन्यात केस गळले, मूठमूठ. पुढे परत आले. पण सतराव्या वर्षी केस गळताना "परत येतील" हे ऐकू येत नाही.

आणि एक गोष्ट जी मला कोणीच सांगितली नव्हती. दोनतीनदा अचानक छातीत धडधड, घाम, हातपाय थरथर, आता मरतेय असं वाटलं. मला वाटलं पॅनिक अटॅक. आईलाही तेच वाटलं. डाएटिशियनताईंनी वेळा लिहून ठेवायला सांगितल्या. वहीत बघितलं तर प्रत्येक वेळी गोड खाल्ल्यानंतर साधारण २० मिनिटांनी. ते डम्पिंग होतं, अन्न लहान आतड्यात घाईने उतरल्यामुळे होणारं. वही नसती तर मी पॅनिकच्या गोळ्या घेत बसले असते. डम्पिंग बायपासमध्ये जास्त दिसतं असं म्हणतात, पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं, तेव्हा विचारून ठेवा.

शेवटचं, तिच्या डिप्रेशनच्या गोळीबद्दल. मीही घेत होते. दुसऱ्या महिन्यात मी एकदम खाली गेले, अंथरुणातून उठवेना. सगळे म्हणाले, ऑपरेशनचा थकवा. मानसोपचारतज्ज्ञांनी विचारलं, गोळी कुठल्या प्रकारची? ती हळूहळू विरघळणारी होती. बायपासनंतर औषध शोषलं जाण्याची पद्धत बदलते, अशी गोळी पूर्ण लागू पडेलच असं नाही. त्यांनी साधी गोळी दिली, डोस बघितला, तीनचार आठवड्यांत मी परत माणसांत आले.

ओंजळ | गुरुवार, सकाळी ६.३०

पाऊलवाट बाळा, तुझं लिखाण तिला वाचायला देऊ का? तुझी परवानगी असेल तरच.

सलगी, गोळीचं मी आजच विचारते. आणखी एक भीती आहे. सर्जरीआधी मानसिक तपासणी असते म्हणतात. ती त्याला परीक्षा समजते. "मी खरं सांगितलं तर ते मला नापास करतील," असं परवा मैत्रिणीला फोनवर म्हणताना ऐकलं. म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. माझे हातपाय गार पडलेत.

पाऊलवाट | गुरुवार, सकाळी ८.००

हो काकू, द्या ना. तिला वाटलं तर मला विपू, म्हणजे इथेच निरोप, करू दे. तुम्ही वाचणार नाही असं तिला सांगा आणि वाचू नका.

सलगी | गुरुवार, दुपारी २.१०

ओंजळताई, ही भीती जवळजवळ प्रत्येक मुलाला असते, आणि दोष आमच्याकडचा आहे. कागदावर "फिटनेस" लिहिलेलं असतं, मग मुलं पास व्हायला येतात.

आम्ही काय बघतो ते सांगते. ऑपरेशनने काय होणार हे तिला तिच्या शब्दांत सांगता येतं का. हे तिला हवंय की घरच्यांना. जन्मभर व्हिटॅमिनं घ्यायची आहेत, ती घ्यायला घरात कोण मदत करणार. खाताना ताबा सुटल्यासारखं होतं का. कोणी छळतं का, घरीसुद्धा. मी निम्मा वेळ मुलांशी एकट्याने बोलते, आईवडील बाहेर. तिथे मूल जे सांगतं त्यातलं त्याच्या जिवाला धोका असलेलं सोडून बाकी मी बाहेर नेत नाही, आणि हे मी दोघांनाही आधीच सांगते.

ऑपरेशन थांबतं ते अशा वेळी: भ्रम किंवा भास चालू आहेत आणि उपचार नाहीत, आत्ता जीव द्यायचे विचार आहेत, नशा चालू आहे, किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढली जाते. तेव्हाही उत्तर "नाही" नसतं, "आधी हे बरं करू" असं असतं. खादाडीचे झटके सांगितले म्हणून नाव कटत नाही. उलट, ते झटके सर्जरीनंतर कमी होऊन पुढे काही मुलांत हळूहळू परत येतात, तेव्हा आधीपासून माहीत असलेलं बरं.

आता तुम्हाला जे विचारायला भीती वाटते आहे ते मीच लिहिते. तिला सरळ विचारा. "तुला कधी जगू नये असं वाटतं का?" याच शब्दांत. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, बऱ्याचदा मूल सुटकेचा श्वास टाकतं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये मोठ्या माणसांचा अभ्यास झाला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःला इजा करून इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण सर्जरीनंतर सुमारे दीडपट झालेलं दिसलं, आणि त्यातले बहुतेक जण आधीपासूनच मानसिक आजार असलेले होते. म्हणून जिला डिप्रेशन आहे तिच्याकडे पुढची काही वर्षं जास्त लक्ष हवं. ती हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका, ओरडू नका, त्याच दिवशी तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा.

उलट बाजूही लक्षात ठेवा, मनाचं वाटणारं सगळं मनाचं नसतं. पाऊलवाटने डम्पिंगचं लिहिलंच आहे. बी१२ व्हिटॅमिन आणि लोह कमी झालं तरी मूल मलूल होतं. टीन-लॅब्समध्ये तीन वर्षांनी निम्म्याहून जास्त मुलांत साठवणीचं लोह कमी होतं. आणि पहिल्या महिन्यांत उलट्या थांबत नसतील, त्यात ती गोंधळल्यासारखी बोलायला लागली, चालताना तोल जायला लागला, डोळे विचित्र फिरू लागले, तर तो मूड नाही. बी१ व्हिटॅमिनची कमतरता मेंदूपर्यंत गेलेली असू शकते. तशीच इमर्जन्सीत न्यायची, सकाळची वाट बघायची नाही.

तिसरी_घंटा | गुरुवार, रात्री ८.४०

सगळं वाचलं. थांबण्यातही धोका असतो हे मी धरलं नव्हतं. माझ्या भाचीचं वजन असंच आहे, १४ ची आहे, आणि भेटलो की मी तिला पहिलं वाक्य वजनाबद्दलच बोलतो. ते बंद करतो.

पाऊलवाट | गुरुवार, रात्री ९.३०

थँक्यू. खरंच.

काकू, एक राहिलं. डॉक्टरांना सांगा की तिच्याशी एकटीशी गर्भनिरोधनाबद्दलही बोला. वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि गर्भ राहण्याची शक्यता वाढते, पण पहिले १२ ते १८ महिने गरोदरपण टाळायचं असतं, आणि बायपासनंतर तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा भरवसा नसतो. माझ्या डॉक्टरांनी आईला बाहेर पाठवून हे सांगितलं. तुम्हाला आत्ता हे वाचून धक्का बसेल, पण आईसमोर असते तर मी एकही प्रश्न विचारला नसता.

आणि ऑपरेशनचं शाळेत कोणाला सांगायचं, हे तिलाच ठरवू द्या. मी फक्त दोघींना सांगितलं होतं.

ओंजळ | पुढच्या रविवारी, रात्री १०.२०

सगळ्यांना उत्तर देते, उशीर झाला.

शुक्रवारी रात्री तिच्या खोलीत गेले, दिवा लावला नाही, पलंगावर बसले. म्हटलं, त्या दिवशी तू विचारलंस आणि मी पळाले, आज परत विचार. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बारीक झाल्यावर लोक माझ्याशी चांगले वागले तर मला त्यांचा राग येईल, आणि वाईट वागले तर मला कारणच उरणार नाही." हे तिने एकटीने, सोळाव्या वर्षी, कुठे बसून विचार केलं असेल?

मग सलगीने लिहिलेला प्रश्न तिच्याच शब्दांत विचारला. माझा आवाज फाटला. ती म्हणाली, मागच्या वर्षी वाटायचं, परीक्षेच्या वेळी, आता नाही. मी ओरडले नाही. तिचा हात धरून बसले. शनिवारी सकाळी तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला, त्यांनी दुपारी लगेच बोलावलं. तासभर तिच्याशी बोलले. सर्जरीची तारीख दोन महिने पुढे ढकलली आहे. तिच्याशी ठरवून, तिने स्वतः होकार दिला. गोळी हळूहळू विरघळणारीच निघाली, ती ऑपरेशनआधी बदलून बघणार आहेत. इंजेक्शनांचंही सविस्तर बोलणं झालं, ती अजून विचार करते आहे. कवडसा, दुसऱ्या वर्षाच्या चार भेटी मागून घेतल्या, तारखा फ्रिजवर लावल्या आहेत. वजनकाटा मी माझ्या खोलीतून उचलून माळ्यावर टाकला. वजन हॉस्पिटलात होईल.

पाऊलवाट, तिने तुला विपू केली आहे म्हणे. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही.

बुधवारी ११ वाजता काउन्सेलरची भेट आहे. विचारायचे प्रश्न तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिलेत. वही टेबलावर उघडीच होती, पहिला तेवढा दिसला: "मला आधीची मीही आवडायला हवी, ते शिकवता का?" आत ती एकटी जाणार आहे. मी बाहेर बसेन.